पहिल्या बाकावरचा खोकला

तुमच्या सदरात लोक पिंपळ, अमावास्या, पांढरी साडी असलं काहीबाही लिहितात. मी वाचते आणि हसते. आधीच सांगून टाकते — भुताखेतांवर माझा बिलकुल विश्वास नव्हता. एक तर मी नर्स. माणसं मरताना पुष्कळ पाहिली, परत आलेलं एकही पाहिलं नाही. दुसरं म्हणजे आम्ही ख्रिस्ती. आमच्यात भूत मानणं म्हणजे विश्वास कच्चा असणं. पण हे जे घडलं ते रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, चर्चमध्ये, सगळ्यांदेखत घडलं. त्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

गोष्ट मध्यभारत हे वेगळं राज्य होतं त्या दिवसांतली. आम्ही इंदूरला परदेशीपुऱ्यात राहायचो, मिलच्या भोंग्यावर चूल पेटवणाऱ्या वस्तीत. आमचे हे — शांतवन त्यांचं नाव — सरकारी ऑफिसात क्लार्क. तेव्हा राजधानी सहा महिने इंदूरला, सहा महिने ग्वाल्हेरला. थंडी आली की ऑफिस फायलींसकट ग्वाल्हेरला जायचं, आणि त्याबरोबर हेही. मी चिडायची. हे हसून म्हणायचे, "अगं सुमन, इस्राएल लोक नाही का तंबू उचलून फिरले? प्रभू शिकवतो, की कुठंच मुळं रोवू नका."

असं त्यांचं प्रत्येक गोष्टीत चालायचं. सायकलची चेन उतरली, त्यात बोध. साखरेला मुंग्या लागल्या, त्यात बोध. एकदा माझ्या हातून दूध उतू गेलं, तर त्या रविवारी चर्चमध्ये त्यावर पाव तास बोलले! लोकांना फार आवडायचं. उपासना संपली की बाया मला म्हणायच्या, "भाग्यवान आहात हो, शांतवनभिया किती गोड बोलतात." मी मान हलवायची. करपलेलं पातेलं मलाच घासावं लागलं होतं.

आम्हाला एकच मुलगी, रूथ. पाच वर्षांची. चर्चमध्ये ती नेहमी पहिल्या बाकावर बसायची, बाबा बोलतात ते तिला अगदी जवळून पाहायचं असे. त्या हिवाळ्यात वस्तीत डांग्या खोकल्याची साथ आली. हे ग्वाल्हेरला, आणि रूथला खोकला धरला.

ज्यांनी तो ऐकला नसेल त्यांना सांगते. पोर एका श्वासात खोकतच जातं, खोकतच जातं, तोंड काळंनिळं पडतं, आणि मग हवा आत ओढताना 'हूऽऽ' असा लांब आवाज निघतो. तो ऐकून आईचाही श्वास अडकतो. रूथचं आणखी एक होतं. उबळ संपली की दमून म्हणायची, "बस." जसं काही खोकल्यालाच सांगतेय. आमची शेजारीण जमुनाबाई — मिलमध्ये तिचा नवरा होता — ती रूथला मांडीवर घेऊन बसायची आणि तीही म्हणायची, "हाँ बिटिया, बस, अब बस."

मग छातीत न्युमोनिया उतरला. मी तार केली. यांना रजा मिळायला वेळ लागला, मग गाडी रस्त्यात रखडली. हे पोचले तेव्हा माती देऊन झाली होती.

दारात उभे राहिले. हातात ग्वाल्हेरहून आणलेली बाहुली. मला वाटलं, आता रडतील. पण हे म्हणाले, "गाडी उशिरा आली, त्यातही प्रभूची काही योजना असेल, सुमन. तिचे हाल मला दाखवायचे नसतील."

मी म्हटलं, "मला दाखवायचे होते वाटतं?"

त्यांनी बाहुली कोनाड्यात ठेवली.

रविवारी पाळक साहेबांनी यांनाच दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, "अहो, नका बोलू. ते दूध होतं, ही रूथ आहे." हे म्हणाले, "आज नाही बोललो, तर आजवरचं सगळं खोटं ठरेल गं." त्यांचा चेहरा पाहून मी चपला घातल्या. गेले त्यांच्याबरोबर चर्चला.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. साथीमुळं पाळक साहेबांनी मुलांना आणू नका असं घरोघर कळवलं होतं. त्या दिवशी चर्चमध्ये एकही मूल नव्हतं. पहिला बाक रिकामा होता. मी मागे, बायकांमध्ये.

हे उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच, गोड. म्हणाले, "आमच्या लेकीच्या जाण्यातून प्रभूनं आम्हाला जो बोध दिला—"

आणि खोकला आला.

पहिल्या बाकावरून. रिकाम्या. एकामागोमाग एक, एका श्वासात, आणि शेवटी तो लांब 'हूऽऽ'. सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. यांनी खाली पाहिलं, घसा साफ केला. पाणी प्यायले. पुन्हा सुरुवात केली, "जो बोध—"

पुन्हा खोकला. या खेपेला जास्त. मी नर्स आहे, शेकडो पोरांचे खोकले ऐकलेत. आई आपल्या पोराचा खोकला झोपेतही ओळखते. मी उठले, धावत पुढं गेले. बाकावर काही नव्हतं, ऊन पडलं होतं फक्त. खोकला मात्र चालूच, माझ्या गुडघ्याशी. मी हात पुढे केला, पाठ चोळायला… हाताला काही लागलं नाही.

मग उबळ थांबली आणि दमलेला आवाज आला, "बस."

हे खाली उतरले आणि कुणाकडे न पाहता बाहेर निघून गेले.

मी त्यांच्यामागे गेले. फाटकाशी जमुनाबाई उभी होती; ती हिंदू, आत यायची नाही, माझ्यासाठी थांबली होती. तिला आतलं काही दिसत नव्हतं, कुणी सांगितलेलंही नव्हतं. मला पाहून म्हणाली, "बाई, अंदर कौन बच्ची खाँस रही थी? एकदम अपनी रूथ जैसी… और फिर बोली, बस." असं म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं, तशी पदर तोंडात घालून रडायला लागली.

पुढच्या आठवड्यात पाळक साहेब घरी आले. म्हणाले, "यात फार मोठा दिलासा आहे, ताई. मूल आपल्यातच आहे हे प्रभूनं दाखवलं." चर्चमधल्या बायाही तेच म्हणू लागल्या. कुणाला दिलासा मिळाला, कुणाचा विश्वास वाढला म्हणे. ज्याला जे हवं ते त्यानं माझ्या पोरीच्या खोकल्यातून काढून घेतलं. मी चहा केला, कप विसळले.

यांनी त्यानंतर कधी बोध काढला नाही. चेन उतरली तर मुकाट्यानं बसवायचे. चर्चला येत, मागच्या बाकावर बसत. पुढं राज्यच बदललं, ऑफिस भोपाळला गेलं, आम्हीही गेलो. दुसरं मूल झालं नाही. त्या रविवाराबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. रिटायर होईपर्यंत नाही.

मग एका दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. हे अचानक म्हणाले, "सुमन, तिकडं दुखणं नसतं म्हणतात ना?"

"म्हणतात."

"मग ती खोकत का होती?"

मी सोलत राहिले. ते माझ्याकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं होतं. आज हेही नाहीत. ते काय होतं, कुठून आलं, मला ठाऊक नाही. नर्स म्हणून एवढंच सांगू शकते — तो खोकला जराही कमी झालेला नव्हता.