वेल्ह्यातल्या ‘ऑर्किडचोर’ बाईंचा फोटो

आज रविवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर एक बाई फांदीसकट ऑर्किड घेऊन बसल्या होत्या. टोकदार पाकळ्यांची, चांदणीसारखी पांढरी फुलं. मी फोटो काढला, ‘ऑर्किडचोर’ असं लिहून आपल्या या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर टाकला आणि मग जंगलातलं ऑर्किड तोडलं म्हणून त्यांना झापलं.

त्या शांतपणे म्हणाल्या, “बाई, तुमी निम्मं इंग्रजीत बोललात, ते कळलं न्हाई. चोर म्हणालात, ते कळलं. रस्त्यासाठी आंबा तोडला, त्याच्यावरचं हाय हे. उन्हात मरंल म्हणून लेकीच्या दारातल्या झाडाला बांधायला चाललेय.”

बांधायला लुगड्याच्या चिंध्याही मांडीवर होत्या. फोटोत त्या स्पष्ट दिसतात. मी बघितल्याच नाहीत.

मी तिथेच माफी मागितली, पोस्ट काढून टाकली. पण तोवर तुम्ही फोटो गावोगाव पाठवला होता. माझ्यासमोरच त्यांच्या लेकीचा फोन आला, “आई, तू काय चोरलंस?”

ज्यांनी फोटो पुढे पाठवला, त्यांनी तिथे तिथे ‘ही बाई चोर नाही, चूक आमची’ असं लिहावं आणि लिहिल्याचं मला उद्या संध्याकाळी सहाच्या आत इथे लेखी कळवावं. अंगठ्याचं चित्र चालणार नाही.