छातीइतकं पाणी

माझ्या सासूबाईंना सरोवराच्या धक्क्यावरचे सगळे लोक दाभणकाकू म्हणतात. शिडं शिवायचं त्यांचं काम, म्हणून हे नाव पडलं असं लोक सांगतात. मला विचाराल तर ते त्यांच्या जिभेवरून पडलं असावं. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातची शिवण टराटरा उसवून माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "हे शीड आहे, उशीचा अभ्रा नाही." मी रडले, मग शिकले. आता सरोवरात शिडाची गलबतं राहिली नाहीत. आम्ही दोघी ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो, कधीमधी हौशी लोकांच्या होड्यांची शिडं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खुंट्यांवर दोऱ्यांची रिळं, आणि डांबराचा वास असा की जेवताना घासाबरोबर पोटात जातो.

सासरे मी पाहिले नाहीत. माझा नवरा रांगत होता तेव्हा ते आपल्या गलबतात साखरेची पोती भरून पलीकडच्या काठाला निघाले. सोबत त्यांचा म्हातारा चुलता. संध्याकाळी वादळ झालं. ना गलबत सापडलं, ना माणसं, ना एखादी फळी. लोक थोडे दिवस हळहळले, मग त्यांना साखर आठवली. तेव्हा साखरेची टंचाई होती. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पलीकडे माल विकला आणि तिकडेच दुसरं घर केलं, असं सुरू झालं. कोणाच्या तरी मेव्हण्याला ते दूरच्या बाजारात दिसलेसुद्धा, म्हणे. माझा नवरा 'साखरचोराचा' हे ऐकतच मोठा झाला. आता त्याचे केस पांढरे झालेत, तरी तो काम करतो त्या गोदामात काही कमी भरलं की कोणीतरी हसून त्याच्याकडे बघतंच.

सासूबाईंनी मात्र हे कधी ऐकून घेतलं नाही. समोर कोणी 'पळाला' म्हटलं की हातात असेल ते फेकून मारायच्या. एकदा हातात कात्री होती. मासळीवाल्याच्या कानावर तिची खूण अजून आहे. "माझा माणूस पाण्यात आहे, मध्यावर, खोल," त्या म्हणायच्या. "मी बुडालेल्याची बायको आहे, टाकलेली नाही." ते गलबत मिळावं आणि या सगळ्या तोंडांना कुलूप लागावं, एवढंच त्यांनी जन्मभर मागितलं. नवऱ्यालाही तेच हवं होतं, फक्त तो बोलत नसे. आईचं आणि त्याचं मिळून सगळं आईच बोलायची.

आता जुन्या गलबतवाल्यांची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्यातल्या कोणालाच पोहता येत नसे. हसू नका, मुद्दामच शिकत नसत. पोहता येणारा गलबत लवकर सोडतो, न येणारा शेवटपर्यंत झुंजतो, असा त्यांचा हिशेब. लाटेने उचलून नेऊ नये म्हणून वादळात कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि स्वतःला डोलकाठीशी अडकवून घ्यायचं. सासऱ्यांना पोहायला शिकायचं होतं. लग्न झाल्यावर त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर नव्या नवरीने भरल्या घरात सुनावलं, "माझ्या बापाने असले चाळे केले नाहीत. भित्र्याच्या गळ्यात बांधलं का मला?" सगळे हसले. सासरे शिकायला गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना जाड कापडाचा पट्टा शिवून दिला. पितळी बकल जुनं, त्यातली टोचणी मोडलेली. तिच्या जागी स्वतःचं एक दाभण वाकवून बसवलं. ही गोष्ट सासूबाई मोठ्या कौतुकाने सांगायच्या. मीही हसून ऐकायचे.

यंदा बंधाऱ्याच्या दारांची दुरुस्ती निघाली आणि पाणी खूप उतरलं. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, वळणापलीकडे, सगळा गाळ आणि लव्हाळी. तिकडे कोणी फिरकत नसे. तिथे चिखलातून लाकडाच्या फासळ्या वर आल्या. शिडाचं गलबत होतं. संग्रहालयातली एक बाई माणसं घेऊन आली आणि उपसायला लागली. नावाची पाटी नाही, माल नाही, माणसाचं हाडही नाही. ती जुन्या गलबतवाल्यांच्या घरांतल्या एकेका माणसाला बोलावून सापडलेल्या वस्तू दाखवत होती. कोणालाच काही ओळखता येत नव्हतं.

"मध्यावर बुडालेलं गलबत इथे कसं येईल?" असं सासूबाई म्हणत राहिल्या, पण जायच्या दिवशी धुतलेलं पातळ नेसल्या. नवऱ्याला रजा मिळाली नाही. त्याने घोटून दाढी केली, चहा तसाच ठेवला आणि दारात मला हळूच म्हणाला, "आज कळेल ना गं?"

पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर पाणी भरलेल्या परातीसारख्या थाळ्या मांडल्या होत्या. एकीत खिळे, एकीत एक कप्पी. शेवटच्या थाळीत काळं पडलेलं जाड कापड आणि बकल.

"हा पट्टा डोलकाठीच्या बुडख्याभोवती होता," ती बाई म्हणाली. "बकल लावलेलंच होतं."

सासूबाईंनी ते उचललं. त्यांचा अंगठा वाकवलेल्या दाभणावरून फिरला. मी शेजारीच उभी होते, मलाही दिसलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सुटलो एकदाचे, असं वाटलं.

"बाई, तेव्हा तिथे पाणी किती असेल?" सासूबाईंनी विचारलं.

"फार नाही, छातीइतकं. गलबत गाळात रुतून कुशीवर पडलं, डोलकाठी आडवी झाली. बांधलेला माणूस तिच्याबरोबर खाली गेला असणार." ती जरा घुटमळली. "पट्टा सोडला असता तर उभा राहिला असता हो. चालत काठाला आला असता."

सासूबाईंनी बकल पाण्यात परत ठेवलं, आवाज न होऊ देता. हात पदराला पुसले.

"हे आमचं नाही," त्या म्हणाल्या.

"नीट बघा आजी, घाई नाही."

"बघितलं. माझा नवरा बुडालाच नव्हता. पळून गेला तो. कोणालाही विचारा."

बाहेर येताच मी त्यांचा दंड धरला. "आई, मी पाहिलंय ते दाभण."

"मग मूग गिळून बस."

"आणि यांचं काय? जन्मभर चोराचा मुलगा म्हणून..."

"ओरडला असेल गं तो," त्या मध्येच म्हणाल्या. "मी दारं-खिडक्या लावून बसले होते. पायाखाली जमीन आहे हे त्याला कळलंच नसेल. पोहायला शिकला असता तर पट्टा सोडून एक उडी तरी मारली असती की नाही?" रस्त्याच्या कडेला त्या मटकन खाली बसल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं; तेव्हाही रडल्या नाहीत, नुसता श्वास लागला होता. "पळाला असता तर किती बरं झालं असतं."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. कोणता जास्त, ते अजून ठरत नाही. स्वतःच्या जिभेचं ओझं त्या आपल्या मुलाच्या डोक्यावर ठेवत होत्या. पण खरं कळलं तर तो आपल्या आईकडे कसं बघेल, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी त्यांना हाताला धरून उठवलं.

नवरा त्या दिवशी लवकर आला. पायातले बूटही काढले नाहीत, उंबऱ्यातच उभा राहिला.

"काय झालं आई? बाबांचं होतं?"

"नाही रे. दुसऱ्याच कोणाचं होतं."

तो माझ्याकडे वळला. मी सुईत दोरा ओवत होते, ओवतच राहिले. तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ बुटाची गाठ सोडवत बसला.

"जाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे निदान जगले तरी असतील कुठेतरी."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "जगला असेल."