अण्णांच्या स्पंजाच्या टिकल्या

आमच्या थोरल्या दिरांच्या तावडीतून निपाणीतला एकही स्पंज सुटलेला नाही. अण्णा पूर्वी बस स्टँडजवळ टायपिंगचा क्लास चालवायचे. क्लास बंद पडला, एक सोडून बाकीचे कॉम्प्युटर भंगारात गेले, पण जुने जाड कीबोर्ड त्यांनी माळ्यावर जपून ठेवले. त्यांत प्रत्येक बटणाखाली स्पंजाची गोल टिकली असते, तिला खालून चंदेरी कागद. काही वर्षांनी तिचा भुगा होतो आणि बटण मुकं पडतं. नवी टिकली मिळत नाही म्हणून अण्णा घरीच करतात. बिडीचं पान कापायला आम्ही बायका पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री फिरवतो, तसाच गोल फर्मा त्यांनी करून घेतलाय. चंदेरी कागद चिप्सच्या पुडीचा. पाहुणा आला की चहाआधी चिप्स येतात. "खावा की, पर पुडी चुरगाळू नगा!" मग धुतलेल्या पुड्या अंगणात दोरीवर वाळतात. शेजारणीनं विचारलं, "अण्णा, ही कुणाची धुणी म्हणायची?" अण्णा शांतपणे म्हणाले, "कीबोर्डाची."

गेल्या साली आक्कांच्या, म्हणजे माझ्या जाऊबाईंच्या, अंगावरून वारं गेलं आणि उजव्या हाताची बोटं मिटेनात. जन्मभर बिड्या वळलेला हात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आक्कांनी तो अंगणात भिरकावला. "मी काय ल्हान पोर हाय व्हय?" तेव्हा अण्णांनी कीबोर्ड पुढं ठेवला. बटण दबेना. "आवो, दगड बसिवलाय का काय ह्यात?" त्यावर अण्णांनी माझ्या पावडरच्या डब्यातला पफ मला न विचारता कापला आणि त्याच्या मऊ टिकल्या घातल्या. बटण दबलं, पडद्यावर अक्षर उठलं, आक्का बघतच राहिल्या.

त्यानंतर अण्णा थोड्या थोड्या दिवसांनी टिकल्या बदलायचे, प्रत्येक वेळी जरा घट्ट. मला बजावलं होतं, "तिला सांगायचं न्हाय हां." आक्का कुरकुरायच्या, "आज लई जड लागतंय ह्ये."

"थंडी हाय, आखडलं आसल."

"चैतात कसली आलीया थंडी?"

अण्णा खाली मान घालून कात्री पुसायचे. आक्का तोंडानं बोलायच्या, पण बोट बटणावरून काढायच्या नाहीत.

परवा आक्कांनी माझ्या सुपातलं एक पान ओढून घेतलं. बराच वेळ लागला. बिडी झाली, पण सैल, दोन्हीकडून तंबाखू सांडणारी. मुकादमानं बघताक्षणी बाजूला फेकली असती. अण्णांनी आयुष्यात कधी बिडी ओढलेली नाही. त्यांनी ती उचलली, अलगद कानावर ठेवली आणि तशीच घेऊन सगळा बाजार हिंडून आले.