गुरुवारच्या कपबश्या

थेरगावच्या सुभद्राबाईनं नवऱ्याची दारू सोडवायला काय केलं नाही ते विचारा. नवस बोलली. त्याच्या गळ्यात माळ घातली. एका वैदूची पूड भाजीतून चारली, त्यानं नवऱ्याला, भिमाजीला, तीन दिवस जुलाब झाले आणि दारू जिथल्या तिथं राहिली. देवापुढं शपथा घ्यायला लावल्या. शपथ घेताना भिमाजी ढसाढसा रडायचा, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा आणि पगाराच्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर दिसायचा. तेरा वर्षं हेच चाललं होतं.

मग ऐंशी साली भिमाजीच्या कंपनीतल्या ड्रॉइंग ऑफिसातला प्रभाकर नावाचा कोण कुठला गृहस्थ मधे उपटला. लेथ मशीनवर भिमाजीचे हात थरथरताना पाहून तो म्हणाला, "माझेही असेच थरथरायचे. गुरुवारी संध्याकाळी चिंचवडला या. शाळेच्या एका खोलीत आम्ही दारू सोडलेली माणसं जमतो." भिमाजी गेला, आणि त्या दिवसापासून प्यायचा थांबला. आता आठ महिने झाले होते.

सगळं गाव म्हणे, सुभद्रा, नशीब काढलंस. ती वरवर हसे आणि आतून जळे. खस्ता खाल्ल्या तिनं आणि नवरा ऐकला कुणाचं, तर परक्याचं! शिवाय घरात तो मुका झाला होता. जेवायचा, पेपर वाचायचा, झोपायचा. गुरुवार आला की मात्र धुतलेला सदरा घालून पाच वाजताच सायकल पुसायला घ्यायचा.

"बाई असंल तिथं," जाऊबाई आक्काबाईनं पिन मारली.

झालं. एका गुरुवारी दोघी जावा चिंचवडला जाऊन शाळेच्या खिडकीखाली उभ्या राहिल्या. आत बाई नव्हती. चौदा बाप्ये बाकांवर बसले होते, आणि भिमाजी त्यांना चहा देत होता. ज्यानं घरात स्वतःचं ताट कधी उचललं नाही, तो हातात किटली घेऊन फिरत होता! चहा झाल्यावर त्यानं सगळ्यांच्या कपबश्या बादलीत विसळल्या. मग उभा राहून म्हणाला, "माझं नाव भिमाजी. मी दारुडा हाय." आणि बोलत सुटला, मधेच रडला. कुणी हूं की चूं केलं नाही. तिथली रीतच तशी होती. बोलणाऱ्याला तोडायचं नाही आणि शहाणपण शिकवायचं नाही.

सवत असती तर सुभद्राबाईनं झिंज्या उपटल्या असत्या, चौदा बाप्यांचं काय उपटणार? ते रडणं तिच्या मांडीवरचं होतं. दारू गेली ती गेली, जाताना तिचा हक्कही घेऊन गेली. खोटं कशाला बोला, घटकाभर तिला वाटलं, त्यापेक्षा पीत होता तेच बरं होतं.

पुढच्या गुरुवारी तिनं ठोकून दिलं, "प्रभाकरभाऊंचा निरोप हाय. शाळंत परीक्षा हायती. आज सभा न्हाई."

भिमाजी मटकन खाली बसला. सुभद्राबाईनं हौसेनं दोन कप चहा केला, समोर बसली. त्यानं चहा कसाबसा घेतला, पण त्याचा पाय थांबेना. कपाळावर घाम आला. दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आला. गुत्ता दारापासून शंभर पावलांवर होता.

"सुभद्रे," तो म्हणाला, "आज माझ्यानं ऱ्हावत न्हाई. तिथं बोलतो ते तुला सांगू का?"

याचसाठी तर ती आठ महिने झुरत होती. "सांगा की!"

"तुझ्या आईनं दिलेल्या पाटल्या चोरीला गेल्या न्हवत्या. त्या म्या..."

"मला म्हाईत हाय!" ती उसळली. "तवा लेकराचं बारसं तोंडावर, आन् तुमी..." आणि मग तेरा वर्षांचं सगळं भडाभडा बाहेर आलं. ती थांबली तेव्हा भिमाजी खाली मान घालून बसला होता. पुढचं काही तो बोलणार नव्हता.

तिला तेव्हा कळलं. त्या चौदा जणांना जे जमलं, ते तिला एका वाक्यापुरतंही जमलं नव्हतं.

"सभा हाय आज," ती म्हणाली. "म्या खोटं सांगितलं. तुमी त्या लोकांम्होरं रडता, माझ्याम्होरं न्हाई, म्हणून जळले. वाटलं, पुन्हा प्याला तरी चालंल, पर माझ्याकडं या."

आता तो भडकणार म्हणून तिनं अंग चोरलं. भिमाजी तिच्याकडं बघत ऐकत राहिला, ती डोळे पुसून गप्प होईपर्यंत. तेरा वर्षांत तिचं बोलणं न तुटता पुरं झालं ते त्या दिवशी.

"अजून काय हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाई. जावा आता, वाट बघत असतील."

तो उठला. दारात सायकलीपाशी गेला, परत आला, जमिनीवरचे दोन्ही कप उचलून मोरीत विसळले, पालथे घातले आणि मगच निघाला.

त्या गुरुवारी चिंचवडच्या सभेत चहाला अर्धा तास उशीर झाला. चौदा जण तिच्यामुळं खोळंबले, याचं सुभद्राबाईला फार बरं वाटलं.