रामटेके सर नेमके कोण?

चार माणसं वीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायली, की किस्से आठवावे लागत नाहीत. एकाने कप उचलला, की दुसरा सुरूच होतो. आमच्या लाखनीच्या कॉलेजातले निम्मे किस्से रामटेके सरांचे. मी मराठी शिकवायचो, ते शेजारच्या वर्गात.

सर तत्त्वज्ञानाचे एम.ए. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच सुमारास कॉलेजात मानसशास्त्र सुरू झालं. प्राचार्य म्हणाले, "दोन्हीत मनच असते ना? शिकवा." सरांनी चाळिशीत दुसरं एम.ए. केलं. पण हजेरीपटावर 'तत्त्वज्ञान'च राहिलं. दर जूनमध्ये ते बदलासाठी अर्ज द्यायचे.

क्लार्क म्हणायचा, "सर, काय फरक पडते?"

"मले पडते."

*

मग त्यांनी घरावर 'मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी लावली. आठवड्याभरात नाकाडोंगरीहून एक म्हातारी आली. सरांनी तासभर तिचं ऐकून घेतलं.

उठताना ती म्हणाली, "सुई नाई देत काय?"

"नाही."

"भूत उतरवता?"

"नाही."

"मंग करता काय जी तुमी?"

हे सांगताना सर आमच्याहून जास्त हसले. दुसऱ्या दिवशी पाटी नव्हती.

*

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मानसशास्त्राचा धडा ते जीव लावून शिकवायचे. तिथला एक प्राध्यापकही असाच: शिकलेला डॉक्टरकी, नोकरी तत्त्वज्ञानाची, आणि ओढ या नव्या शास्त्राची. "आपण नेमके कोण, हे त्यालाही ठरवता येईना," असं म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा.

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, मग शेवटी ठरलं काय त्याचं?"

सर खिडकीतून हायवेवरचे ट्रक पाहत राहिले. "पुढच्या तासाले सांगतो," म्हणाले. तो तास काही आला नाही.

*

गावाबाहेरच्या तलावावर परसराम मासे धरायचा. बायको गेली आणि त्याने बोलणंच सोडलं. सर कॉलेज सुटलं की तलावाच्या बांधावर त्याच्या बाजूला जाऊन बसायचे.

"काय बोलता?" मी विचारलं.

"काहीच नाही."

पावसाळा गेला, धान कापून झालं. एक दिवस मीही सोबत गेलो. परसरामची बहीण बपेऱ्याहून आली होती. सरांकडे पाहून तिने भावाला विचारलं, "हे कोन आहेत रे? डाक्टर?"

परसराम जाळं सोडवत होता. कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज फुटला.

"नाई. हे बसतेत माह्यासंगं."

सरांनी थोडं सरकून बहिणीलाही जागा करून दिली.