रेघोटीमावशीचा पदर

कारध्याची आमची मावशी शिलाई मशीनवर ध्यानाला बसते, असं शेजारी म्हणायचे. समोर जुन्या लुगड्यांची गोधडी, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचललेला, आणि दोन्ही हातांनी कापड फिरवत तिच्या रेघोट्या सुरू: गोलात गोल, माशाचे खवले, धानाच्या शेतातल्या चौकोनी बांध्या. पेन्सिलीची खूण कधी नाही. सगळं गाव तिला रेघोटीमावशी म्हणायचं. अशा वेळी दूध उतू जावो की दारात कोणी हाका मारो, तिला पत्ता नसायचा. नको असलेला माणूस आला की हे ध्यान अंमळ जास्तच लागायचं.

शेजारच्या काकाजींनी एकदा तिनेच शिवून दिलेली आपली नवी गोधडी तिच्यापुढे पसरली. "हे काय गिचमिड काढलं वो बाई?"

"तुमचं घोरणं हाये, काकाजी. भिंतीपलीकडून आयकून आयकून काढलं. हे पाहा, इथं श्वास अडकला."

काकाजी नाही नाही म्हणत राहिले. काकूंनी मात्र अडकलेली जागा लगेच ओळखली.

मावशीचा एकच नियम होता, उसवायचं नाही. "उसवता कायले? चुकलं तं तिथं पान काढाचं!" टाका वाकडा गेला की त्या जागी एक पान उगवायचं. बायका गोधडी हातात घेतली की आधी पानं शोधायच्या आणि तिला चिडवायच्या. माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी शिवलेल्या गोधडीवर तर नुसतं जंगल माजलं होतं.

आईबाबा लांब आंबागडला असल्यामुळे मी शाळेसाठी मावशीकडेच वाढले. तिला दुसरं कोणी नव्हतं. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तिने पेढे वाटले आणि जाहीर केलं, "माही गोधडी घेतल्याबिगर पोरगी जात नाही." मग ती गोधडी काही संपेना. रोज नवा कोपरा रिकामा सापडायचा. मी चिडले की म्हणायची, "घाई काहून करून राहिली? पुणं कुठं पळून चाललं?"

निघायच्या दिवशी ऑटो दारात उभा, आणि मावशी मशीनवर. मी गोधडी ओढली तर तिच्याबरोबर मावशीही ओढली गेली. तिचा हिरवा पदर गोधडीत पक्का शिवला गेला होता!

"माय वो! आता मलेच घेऊन जा," मावशी म्हणाली. ऑटोवालासुद्धा हसला.

"मावशी, गाडी सुटेल. उसव ना!"

"माहा नियम काय हाये?" तिने कात्री उचलली आणि कच्चकन पदर कापला. मग पाणी आणते म्हणून आत गेली, ती ऑटोने दोनदा भोंगा वाजवल्यावरच बाहेर आली. डोळे धुतलेले होते.

मावशी जाऊन आता वर्ष झालं. तिची फार आठवण येते. थंडीत मी तीच गोधडी घेते आणि हात आपोआप त्या हिरव्या तुकड्यावर जातो. त्याच्या कडेकडेने बारीक, एकसारख्या लाटा आहेत, सावकाश काढलेल्या. मी दिव्याखाली धरून नीट पाहिलं आहे. तिथे पान एकही नाही.