डोळे रेखायचे राहिलेला सिंह

जत्रेतल्या पाळण्यांच्या फळ्या रंगवणं हा माझ्या वडिलांचा धंदा. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सिंह, मोर, परी, पंखांचा घोडा, पाळणेवाला सांगेल ते. डोळे मात्र घरी कधी रेखायचे नाहीत. जत्रेत पाळणा उभा राहिला, नारळ फुटला, की अण्णा शिडीवर चढून एकेका चित्राला डोळे रेखायचे आणि त्यानंतरच पहिलं गिऱ्हाईक बसायचं. आम्ही देवधर्म सोडलेली माणसं, त्या नारळाचं खोबरंही अण्णा खात नसत. पण डोळ्यांचा रिवाज धंद्याचा होता, आणि धंदा त्यांनी सोडला नव्हता.

दुष्काळानं तोही सोडवला. प्यायला पाणी नाही तिथं पाळण्यात कोण बसतंय? ओळीनं दोन वर्षं जत्रा भरल्या नाहीत. रंगवलेल्या फळ्या जळकोटच्या आमच्या घरात भिंतीला टेकून पडल्या, बिनडोळ्यांच्या. अण्णा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायला लागले. संध्याकाळी त्यांची बोटं उलगडत नसत. या बोटांत पुन्हा कुंचला कसा धरायचा, एवढाच त्यांना घोर होता.

अशात धाराशिवहून एक साहेब आले. तिथल्या संग्रहालयात जत्रेतले पाळणे, त्यांवरची चित्रं, शिवाय धरणाखाली व्हायच्या करमणुकीच्या बागेचे नकाशे, असं प्रदर्शन भरणार होतं. त्यांनी आमचा सिंह आणि घोडा नेला. बागेत रंगकाम निघेल, असं जाता जाता बोलले. ते सहज बोलले असतील, पण अण्णांनी ते गाठीला बांधलं.

प्रदर्शन उघडायच्या दिवशी आम्ही दोघं पहिल्या एसटीनं निघालो. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. अण्णांना अक्षर येत नव्हतं म्हणून मी बरोबर. त्यांनी पिशवीत बारीक कुंचला आणि काळ्या रंगाची डबी घेतली होती.

"डोळं रेखायला बोलावत्यालच की," म्हणाले. मलाही ते खरंच वाटलं.

साखर कारखान्याच्या चेअरमननी फीत कापली, फोटो झाले, माणसं चहाकडं पांगली. अण्णांनी सिंहापुढं चपला काढल्या आणि डबीचं झाकण उघडलं. शिपाई धावतच आला.

"ओ बाबा, हात लावू नका!"

"माजाच हाय त्यो. डोळं ऱ्हायल्यात."

साहेब आले. त्यांनी अण्णांना ओळखलं, हे मी कबूल करते. "छे छे, तसंच राहू द्या," ते म्हणाले. "तेच तर याचं वैशिष्ट्य आहे."

फळीखाली पुठ्ठा लावला होता. "काय लिवलंय गं?" अण्णांनी विचारलं. मी वाचलं, या भागात चित्रांना डोळे न काढण्याची जुनी परंपरा आहे.

"कुणाची परंपरा? पाऊस न्हाय म्हून जत्रा न्हाय. जत्रा न्हाय म्हून डोळं न्हाईत."

साहेबांनी मान डोलावली. पुठ्ठा तसाच राहिला. मला त्यांचा संताप आला.

अण्णांनी बागेच्या कामाचं विचारलं. साहेबांनी टेबलावर मांडलेला बागेचा नमुना दाखवला. कारंजी, पाळणे, निळंशार पाणी. फाटकावर दोन सिंह. ते सिमेंटचे, साच्यातून निघणार, पुण्याचा ठेकेदार रंगासकट बसवून देणार. "पण बघा, सिंह तुमच्यावरूनच घेतलाय," साहेब कौतुकानं म्हणाले. मी वाकून पाहिलं. त्या सिंहांनाही डोळे नव्हते.

घरी आई दारातच उभी होती. "रेखलं का डोळं?"

"न्हाय. त्यास्नी आंधळंच पायजे."

दुसऱ्या दिवशी अण्णा भाकरी बांधून खडीवर निघाले. मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, घरातल्या मोराला तरी डोळे रेखा."

"पाळणा कुठं हाय?" त्यांनी विचारलं, आणि डबी माझ्या हातात देऊन गेले.